आमचा आहेर

"हेर मोकाट, फौजदार खाटेवर!"

फौजदार मच्छिंद्र ढाकणे यांनी शनिवारचा 'टोला' चहाच्या कपाशेजारी आपटला. एकाहत्तरची दिवाळी झाल्यापासून नगरच्या या साप्ताहिकाने त्यांचा पिच्छाच पुरवला होता. पाकिस्तानशी लढाई आज होते की उद्या, अशी वेळ. शहराबाहेर लष्कराचा डेपो, रेल्वेच्या मालधक्क्यावर रणगाडे चढतायत, आणि पोलीस काय करतायत, तर सायकलींचे दिवे तपासतायत. परदेशाचे हेर नगरात येऊन, जेवून, ढेकर देऊन जातात आणि सरकारला पत्ता नसतो, असं संपादक श्रीमंत गुंजाळ दर आठवड्याला लिहायचा.

अगदीच खोटं नव्हतं ते. डेपोबाहेरच्या बंदोबस्तावरचे शिपाई उभ्या उभ्या झोपायचे आणि त्यांचे साहेब बसून. एवढाच काय तो हुद्द्याचा फरक.

त्याच साहेबांनी ढाकण्यांना सुनावलं होतं, "पुन्हा पेपरात आलं तर निलंबन." इकडे ढाकण्यांच्या मनकर्णेचं लग्न राहात्याच्या भिमाजी गाडेकरांच्या मुलाशी ठरलेलं. भिमाजी 'टोला' पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचत. निलंबित माणसाची पोर ते करून घेणार नव्हते. तसं त्यांनी अगदी गोड शब्दांत कळवलंही होतं.

ढाकणे टोपी घालून तडक छापखान्यात गेले.

गुंजाळ टेबलावर पाय टाकून बसला होता. कोपऱ्यात जुळारी शांतवन शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होता. मथळ्याच्या मोठ्या टायपात 'आ' दोनच होते आणि त्यातला एक झिजून ढिला झाला होता. मागच्याच अंकात तो गळून पडला आणि 'आमदारांचे आगमन'चं 'आमदारांचे गमन' झालं. शांतवन घाबरला होता, पण गुंजाळ पोट धरून हसला होता. नवा खिळा काही त्याने आणून दिला नाही.

"या, फौजदारसाहेब. झोप झाली?"

"संपादक, लेकीचं लग्न हाय. तेवढं पार पडंस्तवर लेखणी आवरा."

"तुम्ही बंदोबस्त आवळा, मी लेखणी आवरतो."

"बंदोबस्त चोख हाय आमचा. एकदा येऊन डोळ्यानं बघा, मंग लिवा."

"बघण्यासारखं काही असेल तर येईन," गुंजाळ म्हणाला आणि लगेच चप्पल शोधू लागला.

ढाकण्यांनी त्याला जीपमधून डेपोच्या कुंपणाभोवती फिरवलं. फाटकाचं कुलूप बघून गुंजाळ म्हणाला, "माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याला याहून मोठं आहे."

ढाकण्यांना झोंबलं. त्यांनी मागचं फाटक दाखवलं.

"इथून तर म्हैस जाईल."

मग त्यांनी पहारा कुठून कुठे फिरतो ते चालून दाखवलं. गुंजाळाने नाक मुरडलं. शेवटी ढाकण्यांनी त्याला मालधक्क्यावर नेलं आणि रणगाडे कोणत्या वारी, कोणत्या रुळावरच्या गाडीत चढतात, तेही सांगून टाकलं. गुंजाळाने जांभई दिली.

पुढच्या शनिवारी 'टोल्या'त दोनच वाक्यं होती. 'बंदोबस्त पाहिला. हसू आलं.' पाहिलेल्यातलं एक अक्षरही छापलं नव्हतं. माणूस उर्मट आहे पण पोटात ठेवणारा आहे, असं ढाकण्यांना वाटलं.

पण ते 'हसू' काही त्यांना पचेना. त्यांनी गुंजाळाला पुन्हा नेलं. त्याने टोमणा मारायचा आणि यांनी आणखी एक फाटक उघडायचं, असा रिवाजच पडला. मानी माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचीही गरज नसते, नुसतं खाली पाडत राहिलं तरी तो वाटेल ते करतो. गुंजाळ दर शुक्रवारी प्रूफ तपासून पुण्याला कागद आणायला जायचा आणि शनिवारी सकाळच्या एसटीने परतायचा.

लग्न शनिवारी होतं. त्या आठवड्यात गुंजाळ म्हणाला, "या अंकात तुमच्यावर टीका नाही. हाच माझा आहेर समजा."

मथळा त्याने स्वतः लिहून दिला. 'फौजदारांच्या घरी आमचा आहेर'. खाली खवचट ओळी होत्याच. 'मांडव पडला आहे. निदान त्याला तरी पहारा आहे.' प्रूफ तपासून तो पुण्याला गेला.

शनिवारी राहात्याचं वऱ्हाड उतरलं. भिमाजी गाडीतून उतरले तेच 'टोला' फडकवत.

"व्याही, ह्ये वाचलं का?"

मोठ्या ठळक अक्षरांत छापलं होतं, 'फौजदारांच्या घरी आमचा हेर'.

"सापडला की वो हेर!" भिमाजी हसता हसता मांडवातच बसले. "लोकं उगं तुमाला नावं ठिवत्यात!"

सगळा मांडव हसला. ढाकणेही हसले. कित्येक दिवसांनी त्यांचा जीव भांड्यात पडला होता. लग्न गोरज मुहूर्तावर होतं, वेळ होता. त्यांनी बुंदीचे लाडू बांधून घेतले आणि छापखाना गाठला. आज त्या उर्मटाची खोडी काढायची संधी होती.

"कुठं हायेत संपादक?" त्यांनी दारातूनच आवाज टाकला. "अटक करायला आलोय म्हनावं!"

शांतवन पायरीवर बसला होता. त्याच्या तळहातावर तो झिजलेला 'आ' होता. आत टेबलाचे खण उघडे पडले होते.

"गेले, साहेब. सकाळी पुण्याहून आले, अंक बघितला आन् तोंड पांढरंफटक पडलं. कपडे पिशवीत कोंबले आन् आल्या पावली परत स्टँडवर."

"येका अक्षरापायी येवढा राग?"

"राग न्हाई, साहेब. मी हात जोडून सांगत हुतो, 'आ' गळाला, पहिल्यासारखाच गळाला. त्यांनी ऐकूनच घेतलं न्हाई. माझा गळा धरला आन् एकच इचारत ऱ्हायले, 'ढाकण्याला कुणी सांगितलं?'"