दालचिनीचा सोफा

सासू खारकेची होती आणि उभी होती. यावरून लग्न थांबलं.

घनसावंगीच्या मंगल कार्यालयात वऱ्हाडाने रुखवताच्या टेबलाभोवती कडं केलं होतं. मधल्या ताटात नवरीने, म्हणजे तृप्तीने, सासरची बैठकीची खोली मांडली होती. खसखशीचा गालिचा, जायफळाचं स्टूल, दालचिनीचा सोफा. सोफ्यावर अक्रोडाचा सासरा, बदामाचा नवरा आणि काजूची नवरी. सगळ्यांना मिऱ्यांचे डोळे. सासू सोफ्याशेजारी, एकटी, लवंगांचे हात वर करून.

रुखवत नवरीसोबत सासरी जातं, काचेच्या पेटीत बसतं आणि माणसांपेक्षा जास्त जगतं. नवरदेवाच्या आईला, मालनबाईला, हे चांगलं माहीत होतं. तिच्या स्वतःच्या रुखवतातला सुपारीचा भटजी नवीन जालन्याच्या घरात अजून पोथी उघडून बसला होता. घरच्या खऱ्या भटजींना जाऊन जमाना झाला होता.

"मला खारकेची केली," मालनबाई म्हणाली. "सुरकुतलेली."

"खारीक लांब असते, आत्याबाई. तुम्ही बी उंच हायेत," तृप्ती म्हणाली.

"उंच हाय म्हणून उभी ठिवली?"

"बसवून पाह्यलं. खारीक वाकत न्हाई. मोडते."

मागे कुणीतरी हसलं. मालनबाईने वळून पाहिलं. हसणाऱ्याला खोकला झाला.

"मंग रातभर भिजवायची. आमच्यात भिजवतेत."

"भिजवल्ती. मुंगळे लागले."

"मला मुंगळे लागले म्हण की सरळ!"

सासरे पुंजाराम ताटावर वाकून स्वतःला न्याहाळत होते. "माझा अक्रोड बराबर हाय," ते म्हणाले.

"तुम्ही तर बोलूच नका. तुम्हाला बसायला भेटलंय."

तृप्तीची आई उषाबाई पुढे आली. तिच्या आवाजात मध होता, पण पोळ्यासकट. "विहीणबाई, पोरीनं बोटं सोलून हे जायफळ घासलंय. अक्षता वाटून झाल्या, लोकं हातात धरून बसलेत. ताटाचं मागून बघू."

"मागून? उद्या हे ताट माझ्या घरात. आल्यागेल्यानं बघायचं, सून सोफ्याला टेकून बसली आन सासू बाजूला, चहा इचारायला आल्यावानी. तिला उठवा. उभी करा. मंगच माझा पोरगा बोहल्यावर चढंल."

"काजू उभा ऱ्हात न्हाई," तृप्ती म्हणाली.

"का?"

"तो घडलाच वाकडा, आत्याबाई."

"मंग उपटून काढ."

तृप्तीने हात हलवला नाही. मालनबाईने नवरदेवाला बोलावणं धाडलं. अंगद फेटा सावरत आला. गर्दीने वाट दिली. काय झालं ते त्याला सात-आठ बायकांनी एकदम सांगितलं, त्यामुळे त्याला ते दोनदा ऐकावं लागलं.

तृप्तीने मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "त्या घरात मी कुठं बसू?"

बँडवाल्याने वाजवणं थांबवलं. अंगदने आईकडे पाहिलं, नवरीकडे पाहिलं, मग ताटाकडे बराच वेळ पाहिलं.

"माझे कान मनुक्याचे हायेत का?" त्याने विचारलं.

तृप्तीने मुंडावळ्या पुन्हा चेहऱ्यावर सोडल्या.

मालनबाईने पोराचं म्हणणं होकार मानलं. बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, दोन बोटांत काजूची नवरी धरली आणि ओढली. नवरी हलली नाही. तृप्तीने फेव्हिकॉल लावताना हात आखडता घेतला नव्हता. मालनबाईने दुसरा हात लावला, टेबलाला गुडघा टेकवला आणि कणीस मोडावं तसा हिसका दिला.

नवरी निघाली. नवरीसोबत सोफा निघाला. सोफ्यासोबत नवरा आणि सासरा निघाले. खसखस पार अंगदच्या मोजडीवर उडाली, जायफळाचं स्टूल टेबलाखाली घरंगळलं. अख्खं घर मालनबाईच्या मुठीत लोंबकळत होतं आणि ते ठेवायचं कुठे, हे तिला कळेना.

"अगं, माझं डोकं," पुंजाराम म्हणाले.

ताटात खारीक तेवढी उरली.

तृप्तीने शालूचा पदर खोचला, सांडलेली खसखस तळहाताने एका बाजूला केली आणि ताट सासूपुढे सरकवलं.

"बसा आता, आत्याबाई," ती म्हणाली. "बक्कळ जागा झाली."