फॉर्ममधली एक ओळ

व्हिएन्नात येऊन महिना झाला आणि आयुषला बालवाडीत जागा मिळाली, तेव्हा सुरुचीला काय करू नि काय नको असं झालं. त्याची बॅग तिने दोनदा भरली. फॉर्मही भरला, फक्त एक ओळ अडली: आईवडील पोचू शकले नाहीत, तर मुलाला न्यायला कोण येईल? आणि फॉर्म तर उद्याच द्यायचा होता.

विरारहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, "समोरच्या केलरबाईंचं लिही की! इथे बोळिंजला आपल्या बिल्डिंगमध्ये तर अख्खा मजला धावायचा त्याला आणायला."

"आई, इथे तसं नसतं हो. त्यांनी केक दिला, ताटली रिकामी कशी परत करायची म्हणून मी रव्याचे लाडू दिले. एवढीच काय ती ओळख!"

"विचारून तर बघ. खाणार आहे का ती तुला?"

फोन ठेवून, फॉर्म घेऊन सुरुचीने दार उघडलं, तर केलरबाईच बेल दाबायला बोट पुढे करून उभ्या. दुसऱ्या हातात कागद.

"सोमवारी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे," त्या चाचरत म्हणाल्या. "हॉस्पिटलवाले विचारतात, जवळचं माणूस कोण? मी न विचारताच तुझं नाव लिहिलं. रागावणार नाहीस ना?"