जिन्यावरची पावलं

चित्रपट संपला तेव्हा ओसाकाच्या त्या थिएटरात निम्मी माणसं डोळे पुसत होती. पडद्यावर तर चितारलेली एक आई जिना चढून घरी आली होती, एवढंच.

हल्ली ॲनिमेशनला कोणी वेगळा आवाज देत नसे. कानातलं यंत्र प्रेक्षकाच्या स्वतःच्याच आठवणीतला आवाज हुडकून त्याला ऐकवी. त्यामुळे ज्याला त्याला आपापल्या आईची पावलं ऐकू आली होती.

मित्सुएचा या यंत्रावर राग होता. असल्या चित्रपटांना पावलांचे आवाज देण्यात तिचा जन्म गेला होता. कधी लाकडी खडावा, कधी बूट घालून ती स्टुडिओत माइकसमोरच्या फळीवर चालायची. चालायची तीही एकाच जागी, कारण पुढे सरकलं की आवाज बिघडायचा. यंत्र आलं आणि ते काम गेलं.

बाहेर पडल्यावर तिने मुलीला विचारलं, "चिहारू, तुला काय ऐकू आलं गं?"

"तुझीच पावलं."

मित्सुए सुखावली. "आपल्या जिन्यावरची?"

"नाही गं," चिहारू मफलर गुंडाळत सहज म्हणाली. "तू घरी यायचीस तेव्हा मी झोपलेली असायचे. सुट्टीत मला स्टुडिओत न्यायचीस ना, तेव्हा दाराबाहेर बसून ऐकलेली. पडद्यावरची आई घरात शिरली, तरी ती पावलं आपली वाजतच होती. जवळ काही आली नाहीत."