मोज्याच्या टोकाचे सात फेन

वडील आत आले आणि त्यांनी तिला ओळखच दाखवली नाही.

ठरलंच होतं तसं. आदल्या दिवशी फोनवर त्यांनीच बजावलं होतं, "निंगनिंग, बाबा म्हणून हाक मारशील तर बघ! लोक म्हणतील, पोरीनं घरचाच माल गळ्यात मारला. होऊ घातलेली नोकरी जायची तुझी."

"आणि मोज्यांच्या भावाचं काय, बाबा?"

"भावाचं काय एवढं! पलीकडे तू, अलीकडे मी. बघू की."

मुलगी खरेदीदाराच्या बाजूला बसलीय म्हणजे अर्धा सौदा झालाच, असं वडिलांनी धरलं होतं. समोर बाप आहे म्हणजे तो आपल्याला तोंडघशी पाडणार नाही, असं तिनं धरलं होतं. दोघांनीही एकमेकांच्याच खिशात हात घातला होता.

तोंग वेइनिंगचं आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र आणि व्यापार या विषयाचं हे शेवटचं वर्ष. इवू शहरातल्या या निर्यात कंपनीत ती तीन महिने बिनपगारी उमेदवारी करत होती. मे संपत आला होता आणि वर्गातल्या बेचाळीस जणांपैकी नऊ जणांच्याच हातात नोकरीचा करार पडला होता. कंपनीच्या मालकीण लोउ मॅडम सकाळी म्हणाल्या होत्या, "आज घासाघीस तू करायचीस. जोडी एक युआन पासष्ट फेनला आणलीस की संध्याकाळी तुझ्या करारावर शिक्का."

आता त्यांनी वडिलांचं कार्ड डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. "तोंग? आमच्याकडेही एक तोंग आहे. तुमच्याच दातांगची, मोज्यांच्या गावची. नात्यातली का हो?"

"आमच्या गावात ढेकूळ उचललं तरी खाली एखादा तोंग निघतो, मॅडम," वडील म्हणाले आणि स्वतःच मोठ्यानं हसले. मग वेइनिंगकडे वळून अदबीनं म्हणाले, "तुम्ही बसा ना."

बापाच्या तोंडून 'तुम्ही' ऐकून ती खुर्ची चुकता चुकता बसली.

नमुन्याचे मोजे टेबलावर आले. त्याच पिशवीतून वाळवलेल्या बांबूच्या कोंबांची पुडीही निघाली. आईनं लेकीसाठी दिली होती. वडील गोंधळले. लोउ मॅडमनी "अहो, हे कशाला!" म्हणत पुडी आपल्या बाजूला ओढून घेतली, आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. "हं, चालू द्या तुमचं."

तीन लाख जोड होते, चिलीच्या गिऱ्हाइकासाठी. वडिलांनी एक पंच्याण्णवपासून सुरुवात केली. तिनं दीड सांगितलं. वडिलांनी छातीवर हात ठेवून डोळे मिटले. हे नाटक तिला लहानपणापासून पाठ होतं. एक पंच्याऐंशी. एक अठ्ठ्याहत्तर. एक बहात्तरला त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"याच्या खाली मशीन बंद ठेवलेलं परवडतं, मॅडम."

हे मात्र नाटक नव्हतं. तिसऱ्या वर्षी तिनं प्रकल्प केला होता तो घरच्या कारखान्याच्या खर्चावरच. सूत, वीज, इस्त्री, खोकी, सगळे आकडे वडिलांनी जेवता जेवता सांगितले होते. लेक आपल्या धंद्यावर लिहितेय, हे चार शेजाऱ्यांनाही ऐकवलं होतं. त्या वहीतल्या एका ओळीखाली सरांनी लाल रेघ ओढून शाबासकी दिली होती. घरच्या माणसाचं बिनपगारी काम हीच लहान कारखान्याची बाजारातली खरी ताकद, अशी ती ओळ होती.

लोउ मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं.

"मोज्याचं टोक शिवायचे सात फेन धरलेत तुम्ही," वेइनिंग म्हणाली.

"धरणारच ना! एकेक मोजा हातानं मशीनवर चढवावा लागतो. डोळे जातात त्यात."

"पण ते काम तुम्ही बाहेर देत नाही. घरातलीच बाई करते. तिला मजुरी देता का?"

लोउ मॅडमचं बोट मोबाइलवर थांबलं.

वडिलांनी पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. आपण आईच्याच मेहनतीबद्दल काय बोललो ते तिला तेव्हा कळलं; पण शब्द टेबलावर पडला होता आणि शिक्का संध्याकाळी मिळणार होता.

"नाही, मॅडम," वडील सावकाश म्हणाले. "तिला नाही देत. ते पैसे पोरीच्या फीसाठी बाजूला पडायचे. चार वर्षं." त्यांनी टेबलावरचे मोजे गोळा करून पिशवीत भरायला घेतले. "आता शिकली ती. काढा सात फेन."

एक पासष्टला सौदा झाला. जाताना त्यांनी दोघींनाही सारखंच वाकून "येतो" म्हटलं. त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला उठावं, एवढंही वेइनिंगला जमलं नाही.

पाच वाजता ती कराराचे कागद घेऊन केबिनच्या दारात उभी राहिली. लोउ मॅडम कॉलेजच्या नोकरीविभागाच्या सरांशी फोनवर बोलत होत्या. त्यांनी हातानंच तिला थांब म्हटलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे, असं त्यांना वाटतच नव्हतं.

"पोरगी झकास निघाली हो, सर. बापासमोर बसून बापाचा भाव पाडला तिनं. मोज्यांचं काम झालं माझं, उद्यापासून तिला परत घ्या. आता छत्र्यांच्या गावची एखादी पाठवा. मार्क कितीही असू देत, घरी कारखाना तेवढा बघा."