केतकीचं ऊन

दिवेलागण होऊन गेली, तरी विमलबाईंनी घरात एकच दिवा लावला होता. मिक्सर बाजूला सारून त्या पाट्यावर चटणी वाटत होत्या.

“अगं, लोडशेडिंग संपून वर्ष झालं,” मिणमिणत्या उजेडात मटार सोलता सोलता गोविंदराव वैतागले. “समुद्राखालून एवढी लाइन कशाला टाकली मग? गावात गिरण्या, पंप, गाड्या सगळं एकदम चालतंय, आणि आपण बसलोय अंधारात!”

“तुम्हाला काय! आपली संध्याकाळची वीज मोरोक्कोहून येते. तिथे आत्ता भर दुपार, आणि आपली केतकी त्या उन्हात. आपण कमी वापरली, तर पोरीला घटकाभर सावलीत तरी बसता येईल.”

गोविंदरावांनी हसू दाबत लेकीला फोन लावला, आईचं म्हणणं सांगितलं आणि फोन स्पीकरवर टाकला. केतकी तिथल्या सौर केंद्रात इंजिनिअर होती.

“आई, उन्हात पॅनल उभी असतात गं, मी नाही!” ती खळखळून हसली. मग म्हणाली, “इथे पडद्यावर आपल्या तालुक्याच्या वीजवापराची रेघ दिसते मला. रोज या वेळेला ती वर चढली की वाटतं, घरी दिवे लागले. लाव ना.”

फोन ठेवल्यावर विमलबाई उठल्या. त्यांनी स्वयंपाकघरातला, पडवीतला, अंगणातला, अगदी न्हाणीघरातलासुद्धा दिवा लावला. रोजच्यासारखे हात जोडले आणि बल्बकडे बघत दटावलं,

“पॅनलचं राहू दे. बाहेर पडशील तेव्हा डोक्याला रुमाल बांधत जा.”