मोठ्यांचं ऐकावं

एसटी फाट्यावरून हलली तशी हौसाबाईनं कमरेची पिशवी चाचपली. आधार कार्ड आत होतं. आज ते बाहेर काढायचंच, असं तिनं ठरवलं होतं.

शेजारी खिडकीशी तिचा नवरा, तात्या, ऐसपैस बसला होता. सरकार पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीनं फुकट नेतं, हे कळल्यापासून तात्या रोज उठून कुठं ना कुठं जायचा. बायकोला मात्र नेत नसे. "तुला अर्धं तिकीट पडतं. पंचाहत्तरीची हो, मग हिंड." ती काही बोललीच, तर त्याचं ठरलेलं, "मी मोठा आहे. मोठ्यांचं ऐकावं." आज तिच्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं, म्हणून नाइलाज झाला होता.

कंडक्टरबाई आली. तात्यानं ऐटीत आपलं कार्ड दाखवलं आणि "हिचं अर्धं द्या," म्हणत कुरकुरत खिशात हात घातला. हौसाबाईनं मुकाट्यानं आपलं कार्ड पुढं केलं.

"आजी, तुम्हाला कशाला तिकीट? तुम्ही तर आजोबांपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या."

अर्धी गाडी वळून बघू लागली. तात्याचा हात खिशातच राहिला.

"नवरी नवऱ्याहून लहानच पाहिजे, असं तुमचे वडील अडून बसले," हौसाबाई म्हणाली. "मग माझ्या वडलांनी केली मला लहान."

"म्हणजे इतकी वर्षं..." तात्यानं तिचं कार्ड ओढून घेऊन जन्मतारीख वाचली.

"आता सरका, खिडकी मला पाहिजे. आणि उद्या मी कोल्हापूरला चाललेय. तुम्हाला न्यायचं का, ते मी ठरवीन. मोठ्यांचं ऐकावं."