आंबेखोलचा पूल

आंबेखोलला पूल मिळणार नाही, हे सांगायला शाल्मली स्वतः सुभद्रामावशीकडे आली. मध्यवर्ती बँक आणि विद्यापीठ यांच्या संयुक्त संशोधनासाठी गावातल्या प्रत्येकाच्या मनाची प्रतिकृती संगणकात घेतली होती. त्यासाठी सगळ्यांना राजी केलं होतं ते त्या प्रकल्पात काम करणाऱ्या, गावच्याच शाल्मलीनं.

"संगणकातल्या गावात संशोधकांनी आपल्या प्रतिकृतींना पुलाशिवाय कितीतरी वर्षं राहायला लावून पाहिलं," ती म्हणाली. "तिथं कुणी गाव सोडलं नाही, तक्रारही केली नाही. म्हणून विकास निधी दुसरीकडे वळवला."

सुभद्रामावशीला ते पटेना. तिचा नवरा आजारी पडला तेव्हा खाडीला उधाण होतं, होडी मिळाली नाही आणि तो दवाखान्यापर्यंत पोचलाच नव्हता.

"मी गप्प बसले? मला विचारू दे त्या संगणकातल्या सुभद्रेला."

शाल्मलीनं टॅबलेटवर मावशीची प्रतिकृती जोडून दिली.

"पुलावाचून इतकी वर्षं गप्प कशी राहिलीस गं?" मावशीनं विचारलं.

पलीकडून तिचाच थकलेला आवाज आला. "दर दिवाळीला शाल्मली येते. सांगते, पुढच्या वर्षी पूल नक्की होणार. आपली पोर आहे, खोटं कशाला बोलेल?"

यंत्राची चाचणी म्हणून सुरुवातीला शाल्मलीनं स्वतःचीही प्रतिकृती दिली होती. ती त्या संगणकातल्या गावात सोडल्याचं तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

"मावशी, ती मी नव्हे गं! माझ्या नावानं त्यांनीच..."

मावशीनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती टॅबलेटवर वाकली आणि म्हणाली, "ऐक बाई, ती परत आली ना, तर दारात उभी करू नकोस."